मिठाचा लाल डोंगर

रिक्षा पुरती थांबायच्या आधीच सनोबरने एक पाय खाली टाकला, आपली फळी काखेत मारली आणि चांगली सावली पकडायला ती टेकाडाकडे पळत सुटली. मागच्या सीटवर, वाट्यांच्या टोपल्यांपलीकडे, तिची थोरली जाऊ मरवारीद शांत बसून होती. तिला घाई नव्हती. तिची जागा कुणी घ्यायची हिंमत करत नसे.

"अगं, हळू!" सनोबरचा नवरा दरवेश हँडलवरून ओरडला. "डोंगर काय पळून चाललेत?"

"डोंगर नाही, सावली पळते. आणि तुमच्या वहिनींना सांगा, उतरताना माझी टोपली लाथाडू नका म्हणावं."

दरवेशने मान मागे वळवली. मरवारीद त्याच्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिचे कान चांगले शाबूत होते. पण रिवाज तो रिवाज.

"वहिनी, ती म्हणते, टोपली..."

"तिला सांग, लाथाडण्याजोगं त्यात आहे तरी काय?"

दरवेशने तेही टेकाडाच्या दिशेने ओरडून पोचवलं. मग रिक्षा सावलीत घेतली, पाय वर घेतले आणि टोपी तोंडावर ओढली. दोन जावांच्या मधला टपालवाला होणं हे रिक्षा चालवण्यापेक्षा दमवणारं काम आहे, असं तो जेटीवर सगळ्यांना सांगे.

या दोघींचा अबोला होर्मुझ बेटावर सगळ्यांना पाठ होता. पुतणीच्या लग्नात सनोबरने आपल्या घरचं सुराग वाढलं होतं. लाल माती, बोटभर मासे आणि मीठ उन्हात मुरवून केलेली ही पातळ चटणी बेटावर घरोघरी होते आणि घरोघरची बाई तिच्यावरूनच जोखली जाते. मरवारीदने तव्यावरच्या रोटीला ती लावली, घास घेतला, पाण्याचा पेला रिकामा केला आणि भर पंगतीत म्हणाली, "बाई गं, मासे टाकलेस की अख्खा समुद्रच ओतलास?" सगळी पंगत हसली, दरवेशसुद्धा. सनोबरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्या दिवसापासून ती थोरल्या जावेशी एक शब्द बोलली नव्हती. मरवारीदही बोलली नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ न जाणाऱ्या बायका त्या. एकीने मागे हटायचं तर दुसरीने आधी.

पण घरं भिंतीला भिंत लागून होती, रिक्षा एकच होती आणि दोघींचा नाद एकच होता. थंडीचे दिवस आले, प्रवाशांच्या बोटी सुरू झाल्या, की दोघी रोज सकाळी डोंगरांसमोर बसून चित्रं काढत. मोडीत निघालेल्या गलबतांच्या फळ्या, खजुराच्या देठाचे कुंचले, बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि बेटाची माती. बेटावर मातीला तोटा नाही: लाल आहे, पिवळी आहे, जांभळट आहे, राखी आहे, समुद्रासाठी चमचमणारी काळी वाळू आहे. नियम एवढाच, की ज्या डोंगराचं चित्र त्याच डोंगराची माती. लाल टेकडीला लाल टेकडीची, मिठाच्या डोंगराला मिठाच्या डोंगराची पांढरी. दुसरीकडची माती लावली तर बायका तोंडावर ओढणी धरून हसत आणि दुकानातला रंग लावणारीचं तर नावच काढायला नको.

आजचा दिवस मात्र नेहमीचा नव्हता. जेटीवर प्रवाशांसाठी नवी बसायची जागा बांधून झाली होती आणि तिच्या मोठ्या भिंतीवर बेटाचं एक चित्र लागायचं होतं, खाली काढणारीचं नाव. बोटीतून उतरणारा प्रत्येक माणूस आधी ते बघणार होता. गावच्या मंडळातला जासेम दुपारी येऊन दोघींची चित्रं पाहणार होता आणि त्यातलं एक उचलणार होता. सनोबर या बेटावर लग्न होऊन आली तेव्हापासून 'मरवारीदची धाकटी जाऊ' होती. केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच. त्या भिंतीवर एकदा 'सनोबर' एवढंच लिहिलेलं तिला बघायचं होतं. मग मेलं तरी चालेल, असं तिने रात्री दरवेशला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता की मेल्यावर जेवण कोण करणार.

तर सनोबर भरभर कामाला लागली. आणि काय सांगावं, आज हात असा चालत होता की तिचं तिलाच नवल वाटावं. लाल टेकड्या एकामागून एक बसत गेल्या. पिवळ्या मातीचा पट्टा नेमका उजेडाच्या जागी पडला. सगळ्यात अवघड तो मिठाचा डोंगर. पांढऱ्यात पांढरं काढायचं, नाहीतर भाताचा ढीग दिसतो. आज तो पहिल्यांदा तिच्या कह्यात आला. तिने मान तिरकी करून बघितलं, उठून लांबून बघितलं. डोंगर भातासारखा दिसत नव्हता. डोंगरासारखा दिसत होता.

मग साहजिकच तिची नजर शेजारी गेली.

मरवारीद थोड्या अंतरावर, मांडीवर फळी घेऊन बसली होती. जुन्या वळणाची बाई. चेहऱ्यावर अजूनही डोळ्यांपुरत्या फटी ठेवलेला लाल भरजरी मुखवटा घालणाऱ्या आता बेटावर थोड्याच उरल्या होत्या, त्यांतली ती. तिने कुंचला उचलला. वाटीत बुडवण्याआधी करंगळीचं टोक मातीत टेकवलं आणि मुखवट्याखालून जिभेला लावलं. मग कुंचला बुडवला. पुढची वाटी घेतली, पुन्हा करंगळी, पुन्हा जीभ.

सुरागाची लाल माती सगळ्याच बायका चाखून घेतात. जिभेला चिकटली तर चांगली, कचकचली तर टाकून द्यायची. पण पिवळी माती कोण चाखतं? ती तर कडू जहर. आणि पांढरी म्हणजे निव्वळ खार.

"मोठ्या लोकांची मोठी नाटकं," सनोबर पुटपुटली. तिला वाटलं, चाखण्यातच हिच्या रंगाची काहीतरी खुबी असणार. हिचा लाल एवढा गाजतो तो उगाच नाही.

दुपारच्या नमाजासाठी मरवारीद पाण्याचा डबा घेऊन टेकाडामागे गेली. सनोबरने आपलं जेवणाचं फडकं सोडलं. रोटी, उकडलेली अंडी आणि पुरचुंडीत मीठ. तिने अंड्यावर मीठ टाकलं, आणि हात तसाच पुरचुंडीवर थांबला. तिला भरली पंगत आठवली. पाण्याचा पेला आठवला.

चाखतेस ना? मग चाख.

दरवेशचं घोरणं ऐकून तिने खात्री केली आणि ती पाय न वाजवता मरवारीदच्या जागेशी गेली. लाल मातीची वाटी उचलली, एक चिमूट टाकली. रागाचा हात हलका नसतो. पाठोपाठ दुसरी पडली आणि मग पुरचुंडीच उलटी झाली. बोटाने ढवळलं. पाऊल वाजल्यासारखं झालं म्हणून घाईत लाल आणि पांढरी वाटी उलटसुलट जागी ठेवून ती लगबगीने आपल्या जागेवर येऊन बसली आणि अंडं खाऊ लागली. हसू दाबताना तिला ठसका लागला. आता बाई थू थू करणार, डबाभर पाणी पिणार, आणि आपण आकाशाकडे बघत बसणार!

मरवारीद आली. बसली. हाताने चाचपून वाट्या जवळ ओढल्या. करंगळी लाल मातीत टेकवली आणि जिभेला लावली.

ती थांबली. बराच वेळ थांबली. सनोबरने अंड्याचा घास गालात धरून ठेवला.

पण थू नाही की पाणी नाही. मरवारीदने कुंचला त्या वाटीत बुडवला आणि फळीवर राखून ठेवलेल्या कोऱ्या जागेत, मिठाच्या डोंगराच्या जागेत, लाल रंगाचा एक लांब, संथ फटकारा ओढला. मग दुसरा. मान तशीच स्थिर, हात तसाच ठाम.

सनोबरला आधी वाटलं, ही थट्टा चाललीय. मग तिने जावेचे हात बघितले. चाचपणारे. वाटीची कड शोधणारे. रिक्षेतून उतरताना दांडा पकडून एक क्षण थांबणारे, तो तोरा वाटायचा. अंगणातून आपण गेलो तर मान न उचलणारे डोळे, तो अबोला वाटायचा. ओली माती सगळी सारखीच दिसत असणार हिला. डोंगराची कड दिसत असेल, रंग नाही. आणि मुखवट्याच्या फटींतून कुणाला काय कळणार?

ही बाई जिभेने रंग निवडत होती, आणि खारट म्हणजे पांढरी.

 सनोबरला स्वतःचा असा राग आला की हातातलं उरलेलं अंडं तिने वाळूत फेकून दिलं.

सांगावं तर कसं? 'जाऊबाई, तो लाल आहे' म्हणायचं म्हणजे 'जाऊबाई, तुम्हाला दिसत नाही' म्हणायचं. दरवेशला उठवून त्याच्या तोंडून सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही; संध्याकाळच्या बोटीआधी बंदरापर्यंत बातमी जाईल. आणि गप्प बसावं, तर? तर जासेम येईल, लाल मिठाचा डोंगर बघून हसेल, आणि ज्या बाईच्या रंगाची बेट शपथ घेतं तिचं हसं होईल. भिंतीवर 'सनोबर' लिहिलं जाईल. आपोआप.

लांबवर जासेमच्या स्कूटरची फटफट ऐकू यायला लागली.

सनोबरने मांडीवरच्या आपल्या चित्राकडे बघितलं. एवढा चांगला डोंगर तिच्या हातून आधी कधी आला नव्हता, पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता. तिने एकदा डोळे मिटले, "देवा, तूच बघ रे बाबा," म्हणाली, आणि लाल वाटीत कुंचला बुचकळून त्या पांढऱ्या डोंगरावर वरपासून खालपर्यंत फिरवला.

जासेम आला तो बोलतच आला. त्याचं किराणा दुकान होतं आणि गिऱ्हाईक असो नसो त्याचं तोंड चालूच असे. गावातल्या प्रत्येक थोरल्या बाईला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणे.

"काय खाला, काय म्हणता? दरवेश झोपलाय वाटतं. झोपू दे, झोपू दे. बघू, मरवारीदखाला, आधी तुमचं." त्याने फळी हातात घेतली आणि त्याचं तोंड बंद झालं. कपाळाला आठी पडली. "खाला, हा मिठाचा डोंगर ना?"

"मग काय उंट आहे?" मरवारीद म्हणाली.

"नाही, पण... लाल?"

मरवारीदचा हात गुडघ्यावर होता, तो तिथेच गोठला. मुखवट्यामागे काय झालं ते दिसलं नाही. पण बोटं वळली आणि ओढणीचं टोक त्यांनी घट्ट धरलं.

"लाल नाही तर काय हिरवा काढायचा?" सनोबर इतक्या जोरात म्हणाली की दरवेश दचकून उठला. "संध्याकाळच्या बोटीनं कधी आला नाहीस का रे? सूर्य खाली गेला की डोंगर कसा दिसतो समुद्रातून? दिवसभर दुकानात डाळ मोजणार तू, तुला काय माहीत!"

"अहो खाला, मी काय म्हटलं..."

"हे माझं बघ. माझा पण लालच आहे."

जासेमने दुसरी फळी घेतली, पहिलीशेजारी धरली. "अरेच्चा! दोघींचाही लाल?"

मरवारीदचा मुखवटा सावकाश सनोबरकडे वळला आणि तसाच राहिला. सनोबर आपल्या नखांत अडकलेली माती काढू लागली.

"पण मग नियमाचं काय?" जासेम कुरकुरला. "मिठाच्या डोंगराला मिठाच्या डोंगराची माती नको? लोक मला विचारतील. आपल्या लोकांना तुम्ही ओळखता." त्याने दोन्ही फळ्या उन्हात तिरक्या केल्या. सनोबरचा लाल अजून ओलसर होता, शांत, मऊ. मरवारीदचा वाळता वाळता वेगळंच काहीतरी करत होता. त्यावर बारीक बारीक कण उमलले होते आणि ऊन लागताच अख्खा डोंगर लुकलुकला. अगदी पलीकडच्या खऱ्या डोंगरासारखा.

जासेम बघतच राहिला. मग त्याने बेटावरचा कुठलाही माणूस करेल तेच केलं. डोंगराच्या पायथ्याशी बोट घासलं आणि जिभेला लावलं.

"मीठ!" तो ओरडला. "खाला, तुम्ही लालमध्ये मीठ कालवलंत! म्हणजे रंग संध्याकाळचा आणि अंगात डोंगराचं मीठ! वा! हे नाही कुणाला सुचलं आजपर्यंत. कसं काय सुचलं हो?"

सनोबर वाळूत पडलेल्या अंड्याकडे बघू लागली.

"आमच्या घरची पद्धत आहे," मरवारीद म्हणाली. "मीठ जरा सढळ हातानं टाकतो आम्ही."

सनोबरचे कान तापले. आधी तिला काही कळेना, मग सगळंच एकदम कळलं, आणि तिला असं हसू फुटलं की ओढणी तोंडात कोंबून ती टेकाडाकडे तोंड करून बसली. खांदे गदगदत होते. दरवेशला वाटलं, चित्र गेलं म्हणून बायको रडतेय. तिच्या डोळ्यांत पाणी तर होतंच, आणि थोडं त्यासाठीही होतं. भिंत गेली होती. आणि घालवली कुणी? तिच्याच पुरचुंडीने.

जासेमने मरवारीदचं चित्र चादरीत गुंडाळलं, स्कूटरवर बांधलं, "सनोबरखाला, पुढच्या वेळी नक्की तुमचं," असं म्हणाला आणि गेला.

दिवस कलल्यावर परतताना दरवेश बिचारा चूप होता. घरी आज जेवण मिळेल की नाही याचा तो विचार करत असावा. रिक्षा खडखडत रस्त्याला लागली. मागे दोघी, मध्ये नेहमीसारख्या टोपल्या. डावीकडे समुद्र सोन्याचा व्हायला लागला होता.

"दरवेश, तुझ्या बायकोला सांग..." मरवारीदने सुरुवात केली आणि ती थांबली. "राहू दे."

थोडा रस्ता गेला.

"बाजारचं मीठ होतं," ती हळू आवाजात म्हणाली. समोर बघत, पण या वेळी दरवेशसाठी नाही. "डोंगराचं कडवट लागतं. जिभेला लागल्याबरोबर हात ओळखला मी तुझा. पण एवढ्या मिठात माती कुठली ते मात्र कळेना."

"मग विचारायचं होतं!"

"कुणाला?"

 सनोबरने मधल्या टोपल्या उचलल्या, आपल्या पायाशी ठेवल्या आणि ती जरा सरकून बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पुतणीच्या लग्नाच्या आधी थोडं धूसर व्हायला लागलं होतं. मग वाढत गेलं." मरवारीदने हात झटकला. "जाऊ दे ते. तुझा डोंगर कसा झाला होता? पांढरा होता तेव्हा?"

 म्हणजे तेही हिला कळलं होतं.

"बरा झाला होता," सनोबर म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. सकाळपासून कुंचला किती हलका वाजत होता तुझा, ऐकत होते मी. उद्या पुन्हा काढ. जेटीला दोन भिंती आहेत. जासेमशी मी बोलते, बघू कसा नाही म्हणतो." मग जरा थांबून, "आणि संध्याकाळी खरंच लाल होतो का गं तो? की जासेमला थाप मारलीस?"

सनोबरने मागे वळून बघितलं. थापच मारली होती तिने. पण सूर्य पाण्याला टेकत होता आणि मिठाचा डोंगर पायथ्यापासून वर, कुणीतरी खालून ओतत असल्यासारखा, रंगत चालला होता.

"होतो," ती म्हणाली. "आत्ता गुलाबी आहे. खालून लाल चढतोय. माथ्यावर अजून थोडा पांढरा आहे. थांबा, गेला तोही."

मरवारीद वळून त्या बाजूला तोंड करून बसली. वाऱ्याने तिची ओढणी सनोबरच्या तोंडावर येत होती. तिने ती बाजूला केली नाही.

"मीठ आज बरोबर पडलं होतं," मरवारीद म्हणाली. "पहिल्यांदाच."

इंजिनाच्या आवाजात दरवेशला काहीतरी कुजबुज ऐकू आली. त्याने सवयीने मान वळवली.

"काय म्हणाल्या वहिनी? सांगू का हिला?"

"तुम्ही रस्त्याकडं बघा," सनोबर म्हणाली. "आमचं बोलणं चाललंय."

रिक्षा भर रस्त्यात थांबली.